चढणीचा मासा धरावा का?

पहिला पाऊस पडून ओढ्यानाल्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. कोकणात आणि घाटावर या चढणीच्या माशांची वर्षभर वाट पाहणारे खवय्ये आहेत, आणि ते धरू नयेत असं कळवळून सांगणारेही आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं चटकन पटतं. मादीच्या पोटात गाभोळी भरलेली असते. अंडी घालण्याआधीच ती तव्यावर गेली तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय उरणार? एरवी हवे तेवढे मासे धरा, पण चढणीच्या दिवसांत हात आवरा. उत्तर युरोपातल्या नद्या चढणाऱ्या सॅल्मन आणि सी-ट्राउट या माशांबद्दल गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे कळत गेलं, ते मात्र या सरळ न्यायाच्या उलट दिशेला नेतं. हा मासा धरायचाच असेल तर नदीत चढत असताना धरावा. समुद्रात तो पोसला जात असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. हे विधान पहिल्या वाचनाला उफराटं वाटेल. त्याच्यामागचा पुरावा भक्कम आहे असं मला वाटतं, आणि त्याच्यावरचे आक्षेपही हलके नाहीत.

आधी माशाचं आयुष्य पाहू. अटलांटिक सॅल्मनची मादी शरद ऋतूत नदीच्या तळाच्या गोट्यांमध्ये शेपटीनं खळगा करते, अंडी घालते, वर गोटे लोटते. वसंतात पिल्लं बाहेर पडतात आणि नदीतच वाढतात. स्कॉटलंडमध्ये दोन-तीन वर्षं, तर उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या नद्यांत चार-पाच वर्षंही. मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी वीतभर लांबीच्या त्या ठिपकेदार पिल्लाचा रंग चंदेरी होतो, खारं पाणी सोसण्याची तयारी त्याच्या शरीरात होते आणि ते प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतं. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. एक ते चार वर्षं समुद्रात खाऊन तो काही किलोंचा होतो, आणि वासाच्या आठवणीवर बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणं थांबवतो. तरीही पिसांनी आणि रंगीत धाग्यांनी बांधलेली नकली माशी तोंडासमोरून गेली की कधीकधी तो तिला धरतो. चिडून, की जुन्या सवयीनं, यावर गरवणाऱ्यांत दीडशे वर्षं वाद आहे आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही. ताजा आलेला मासा ओळखण्याची त्यांची खूण मात्र पक्की आहे. अंगाला चिकटलेल्या समुद्री उवा गोड्या पाण्यात काही दिवसांत गळून पडतात. शेपटीजवळ अजून ऊ असेल तर मासा नुकताच समुद्रातून आलेला आहे. सी-ट्राउटची रीत थोडी वेगळी. नदीतच राहणारा तपकिरी ट्राउट आणि समुद्रात जाऊन येणारा सी-ट्राउट ही एकच जात. एकाच आईची काही पिल्लं राहतात, काही जातात, आणि जाणाऱ्यांत माद्या जास्त. गेले तरी ते दूर जात नाहीत, किनाऱ्याला धरून राहतात. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

आता समुद्राकडे वळू. १९५६ साली ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ एक सॅल्मन पकडला गेला. त्याच्या अंगावर आदल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या नदीत लावलेली खूण होती. तोवर हे मासे समुद्रात नेमके जातात कुठे, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं आणि बोटी तिकडे निघाल्या. १९७१ पर्यंत पश्चिम ग्रीनलंडजवळची पकड सुमारे २,७०० टनांवर गेली. तिथे चरणाऱ्या माशांत कॅनडाच्या नद्यांचे होते, स्कॉटलंडचे होते, आयर्लंडचे होते. जाळ्यात आल्यावर सगळे सारखेच चंदेरी. एखाद्या गोदामात तीस गावांचं बियाणं नावाच्या चिठ्ठीविना रचून ठेवावं आणि कुणीही येऊन शंभरातली दहा पोती उचलावीत, तसा हा प्रकार. एकूण हिशेबात दहा टक्के गेले म्हणजे फार काही गेलं नाही. पण ज्या गावाची मुळात दोनच पोती होती आणि ती दोन्ही गेली, त्याचं शिवार पडीक राहणार, आणि ते कुणामुळे पडलं हे शोधायला मागे काही उरणार नाही. मत्स्यविज्ञानात याला मिश्र साठ्यावरची मासेमारी म्हणतात. चढणीचा मासा धरू नये या न्यायात इथे एक फट दिसते. समुद्रात धरलेली मादीही अंडी घालण्याआधीच मेलेली असते. तिच्या पोटात गाभोळी अजून दिसत नाही, एवढंच. फरक इतकाच, की नदीत धरली तर ती कोणत्या नदीची आणि त्या नदीत मागे किती उरल्या, हे मोजता येतं. १९८३ साली अटलांटिकभोवतालच्या देशांनी करार करून एडिंबरा इथे एक संघटना स्थापन केली आणि बहुतांश खुल्या समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, सॅल्मन धरण्यावर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

बाल्टिक समुद्रात हाच प्रश्न अधिक ठसठशीतपणे पाहता येतो, कारण तिथे शेजारी-शेजारी दोन नद्या आहेत. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरून वाहणारी तोर्नियो आणि तिच्या पूर्वेला काही किलोमीटरवर समुद्राला मिळणारी केमी. दोन्ही बोथनियाच्या आखातात येतात, दोन्ही एके काळी सॅल्मनसाठी विख्यात होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर केमीच्या मुखाशीच इसोहारा इथे वीजनिर्मितीसाठी धरण झालं आणि वर जाण्याची वाट कायमची बुजली. तोर्नियोच्या मुख्य प्रवाहावर धरण झालं नाही. तरी १९८०च्या दशकात तिथलाही सॅल्मन संपत आला होता. कारण केमीच्या आणि स्वीडनमधल्या इतर धरणांच्या भरपाईपोटी वीजकंपन्यांना दरवर्षी लाखो स्मोल्ट हॅचरीत वाढवून सोडावे लागत. समुद्रात मासा दिसत होता, म्हणून जाळी सुरू होती. आणि हॅचरीच्या माशांबरोबर तोर्नियोचे जंगली मासेही त्याच जाळ्यांत जात होते. भरपाईनं केमी जिवंत झाली नाहीच, वर शेजारणीच्या जिवावर उठली. धरणविरोधक आणि धरणसमर्थक दोघांच्याही भाषणांत ही गोष्ट क्वचितच येते, कारण ती दोघांच्याही सोयीची नाही.

१९९६ पासून फिनलंडनं आखातातल्या किनारी जाळ्यांचा हंगाम उशिरा सुरू करायला लावला, म्हणजे उन्हाळ्यात आधी येणारे मोठे मासे, ज्यांत माद्या जास्त असतात, नदीत पोचू लागले. २००८ पासून बाल्टिकमध्ये वाहत्या जाळ्यांवर पूर्ण बंदी आली. परिणाम मोजता आला, कारण तोर्नियोत मोजणी होते. मुखापासून सुमारे शंभर किलोमीटर वर, कत्तिलाकोस्की या ठिकाणी पाण्यात ध्वनिलहरी सोडणारी यंत्रं लावलेली असतात. वर जाणारा प्रत्येक मोठा मासा पडद्यावर एक रेघ उमटवतो आणि रेघेच्या लांबीवरून तो सॅल्मन असावा की त्याहून लहान काही, याचा अंदाज बांधतात. २०१४ च्या उन्हाळ्यात अशा सुमारे एक लाख सॅल्मनची नोंद झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नदीतून समुद्रात उतरणारे स्मोल्टच लाखाच्या आसपास होते. २०१०च्या दशकात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. दरम्यान नदीत गरवणं बंद नव्हतं. उलट परवाने घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, होड्यांतून नकली मासे ओढत फिरणं चालूच होतं, आणि कुक्कोलाच्या खळाळत्या उतारावर लाकडी माच्यांवर उभं राहून लांब दांड्याच्या झेल्यांनी मासे उपसण्याची जुनी रीतही टिकून होती.

इथे एक शहाणा आक्षेप येतो. बंदी आली आणि मासे वाढले, म्हणून बंदीमुळे वाढले असं म्हणता येईल का? १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात बाल्टिकच्या सॅल्मनला एम-७४ नावाच्या विकारानं ग्रासलं होतं. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं अंड्यांतून निघालेली पिल्लं काही आठवड्यांत मरत, आणि वाईट वर्षांत काही नद्यांतल्या निम्म्याहून अधिक माद्यांची संतती अशी गेली. दशकाच्या उत्तरार्धात तो ओसरला. मग श्रेय कशाचं? दोन्हींचं, हे प्रामाणिक उत्तर. पण विकार ओसरला तरी पिल्लं व्हायला आधी मादी नदीत पोचावी लागते. केमीवर विकार ओसरल्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तिथे मादीला जाण्याची वाटच नव्हती. निसर्गानं दिलेली संधी पदरात पडायला पदर मोकळा असावा लागतो, आणि तो मोकळा झाला तो समुद्रातली जाळी उचलल्यानं.

प्रयोग म्हणून याहून जुनं उदाहरण आइसलंडचं. तिथे १९३२ सालच्या कायद्यानं समुद्रात सॅल्मन धरण्यावर बंदी आली. प्रत्येक नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मिळून संस्था करायची, एका दिवशी नदीवर गळाच्या किती काठ्या चालतील हे ठरवायचं, आणि त्या काठ्यांचं भाडं आपापसांत वाटायचं. नदी सुधारली तर भाडं वाढणार, बिघडली तर आपलंच नुकसान. ओर्री विग्फुसॉन या आइसलंडच्या उद्योजकानं हेच तर्कशास्त्र देशाबाहेर नेलं. १९८९ साली त्यानं एक निधी उभा केला आणि गरवणाऱ्यांकडून पैसे जमवून फेरो बेटं, ग्रीनलंड अशा ठिकाणच्या मासेमारांना समुद्रातलं जाळं न टाकण्याबद्दल मोबदला दिला. बंदी लादण्यापेक्षा सौदा करावा, हे त्याचं म्हणणं. मासेमाराच्या पोटाचा प्रश्न त्यानं निदान टेबलावर तरी आणला, हे इतर संवर्धकांबाबत नेहमी म्हणता येत नाही.

पण पोटाचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. समुद्रातलं जाळं बंद आणि नदीतली काठी चालू, याचा सरळ अर्थ असाही निघतो की कष्टकऱ्याचा मासा काढून श्रीमंताच्या खेळाला दिला. आइसलंडच्या नावाजलेल्या नदीवरचा एका काठीचा एका दिवसाचा खर्च साध्या नोकरदाराला न झेपणारा असतो. स्कॉटलंडमध्ये सॅल्मन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी, विकता येणारी मालमत्ता आहे आणि ती बरीचशी मोठ्या जमीनदारांकडे आहे. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकात उन्हाळ्याला येणाऱ्या इंग्रज उमरावांना लोक सॅल्मनचे लॉर्ड म्हणत, आणि त्यात कौतुकाइतकाच टोमणा असे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, फक्त तो ज्या गोष्टीवर घेतला जातो तिच्यावर तो लागू होत नाही. मासा नदीत धरावा हा एक प्रश्न, आणि नदीत तो कुणी धरावा हा दुसरा. कुक्कोलात झेल्यानं धरलेले मासे गावातल्या घरांमध्ये ठरलेल्या हिश्श्यांनी वाटण्याची पद्धत आहे. तोर्नियोचा परवाना कुणालाही विकत मिळतो. नदीत काठीच चालावी असंही नाही. मुखाशी लावलेलं जाळं एकाच नदीचे मासे घेत असेल आणि मोजणी होत असेल, तर विज्ञानाची त्याला हरकत नाही. काठीच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की तिच्यावर आलेला मासा हातात जिवंत येतो आणि पाहून ठरवता येतं. फिनलंडमध्ये हॅचरीच्या सी-ट्राउटच्या पाठीवरचा, शेपटीकडचा छोटा मांसल पर सोडण्यापूर्वीच कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली, आणि तो परत पाण्यात सोडायचा. अडकून कल्ले दबलेल्या माशाला जाळ्यात हा न्याय मिळत नाही.

सोडण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्यावरचा राग समजून घ्यायला हवा. स्कॉटलंडमध्ये आता गळाला लागलेल्या शंभर सॅल्मनपैकी पंचाण्णवच्या आसपास परत सोडले जातात. नॉर्वेतल्या अल्टा नदीत सोडलेल्या माशांना रेडिओ-खुणा लावून पाहिलं, तर थंड पाण्यात जवळपास सगळे जगले आणि अंडी घालण्याच्या जागी दिसले. पाण्याचं तापमान वीस अंशांकडे गेलं की हे चित्र बिघडतं. पण रागाचं मूळ मरणाच्या टक्केवारीत नाही. खायचं नाही तर छळायचं कशाला, असं नॉर्वे-फिनलंडच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी सामी लोक विचारतात; त्यांच्या दृष्टीनं तो अन्नाशी केलेला खेळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या हेतूनं मासा धरणं कायद्यानंच वर्ज्य आहे. मला यात सामींचा मुद्दा वरचढ वाटतो. ज्या नदीत मासे पुरेसे आहेत तिथे मोजके धरून खावेत, जिथे नाहीत तिथे काठी घरी ठेवावी. सोडून देणं हा मधला मार्ग बऱ्याचदा परवान्यांची विक्री चालू ठेवण्यासाठी काढलेला असतो.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे. आयर्लंडनं २००७ पासून समुद्रातली वाहती जाळी बंद केली, स्कॉटलंडनं २०१६ मध्ये किनाऱ्यावरची. मग स्कॉटलंडच्या नद्यांत २०२३ साली काठीवर फक्त सुमारे ३३,००० सॅल्मन का आले? १९५२ पासूनच्या नोंदींत हा नीचांक होता. २०१० साली हाच आकडा लाखाच्या वर होता. तोर्नियोतही २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत २०१४ च्या निम्मेही मासे चढले नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या बुश नदीत कित्येक दशकं जाणाऱ्या-येणाऱ्या माशांची मोजदाद होते आहे. एके काळी तिथल्या शंभर स्मोल्टमधले तीसच्या आसपास परत येत; आता ते पाचाच्या घरात आहेत. जाळी नसतानाही समुद्र मासे गिळतो आहे. पाणी तापतं आहे, खाद्य सरकतं आहे, आणि किनाऱ्यावर पिंजऱ्यांतली मत्स्यशेती आहे. एकट्या नॉर्वेत वर्षाला सुमारे पंधरा लाख टन सॅल्मन पिंजऱ्यांत वाढतो. तिथल्या उवा बाहेर पडून समुद्रात उतरणाऱ्या स्मोल्टना लागतात, आणि तपासलेल्या नॉर्वेजियन नद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नद्यांच्या जंगली सॅल्मनमध्ये पळालेल्या पाळीव माशांचे जनुक मिसळलेले आढळले आहेत. सी-ट्राउटची अवस्था इथे बोलकी आहे. तो दूरच्या समुद्रात जातच नाही, फ्योर्डमध्येच, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या अरुंद खाडीतच चरतो. त्यामुळे पिंजरे दाट असलेल्या फ्योर्डमध्ये तो घटतो, तेव्हा ग्रीनलंडच्या पाण्याला दोष देण्याची सोय राहत नाही.

हे सगळं खरं धरलं तर माझा मूळ मुद्दा कोलमडतो का? मला वाटतं, तो अधिक आवळून बांधावा लागतो. समुद्रातली जाळी उचलणं पुरेसं आहे असा दावा करता येणार नाही. पण शंभरातले पाचच परत येत असतील, तर त्या पाचांतला कुठला मासा कुठल्या नदीचा हे न पाहता मारणं अधिकच परवडणार नाही. मासे कमी होतात तसा नदीनिहाय हिशेब अधिक गरजेचा होतो. २०२४ च्या जूनमध्ये नॉर्वेनं ऐन हंगामात ३३ नद्या बंद केल्या, पण उरलेल्या अनेक चालू ठेवल्या. चढणाऱ्या माशांची नोंद नदीगणिक होत होती, म्हणूनच असा निवडक निर्णय शक्य झाला. समुद्रात तो घेता आला नसता. तिथे एक तर सगळं चालू, नाहीतर सगळं बंद.

आणि नदी म्हणजे तरी एकच नदी असते असं नाही. नॉर्वे-फिनलंड सीमेवरची तेनो, जिला नॉर्वेत ताना म्हणतात, ही जगातल्या मोठ्या सॅल्मन नद्यांपैकी एक. काठीवर धरलेल्या अटलांटिक सॅल्मनचा सुमारे ३६ किलोंचा विक्रम १९२८ सालचा, याच नदीतला. तिच्या उपनद्या धरून जनुकीयदृष्ट्या वेगळे असे सुमारे तीस साठे तिच्यात आहेत. म्हणजे मुख्य प्रवाहात धरलेला मासाही मिश्र साठ्यातलाच. तिथला समुद्र जणू नदीतच शिरला आहे. खवल्यातल्या जनुकांवरून मासा कोणत्या उपनदीचा हे आता सांगता येतं, आणि त्यातून दिसलं की काही साठे बऱ्यापैकी आहेत, तर काही पार खालावले आहेत. २०१७ साली दोन्ही देशांनी नवा करार करून निर्बंध कडक केले. सामींचं म्हणणं होतं की पर्यटक गरवणाऱ्यांची सोय पाहून त्यांच्या पिढीजात जाळ्यांवर जास्त बोजा टाकला. २०२१ पासून तेनोत सॅल्मन धरणंच बंद झालं. बंदीनंतरही मासे झपाट्यानं परतले नाहीत, आणि दरम्यान जाळं विणण्याची, पाण्यात बांध घालून ते लावण्याची विद्या ज्यांच्या हातात होती ती पिढी म्हातारी होत चालली.

या वादातला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. काही सामी रहिवाशांनी २०१७ साली मुद्दाम नियम मोडून मासे धरले आणि स्वतःविरुद्ध खटला ओढवून घेतला. त्यांनी जागा निवडल्या त्या तेनोच्या मुख्य प्रवाहातल्या नव्हत्या. वेत्सीयोकी आणि उत्सयोकी या उपनद्यांतल्या होत्या. एप्रिल २०२२ मध्ये फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. आपल्या गावच्या पाण्यात मासे धरणं हा सामींच्या संस्कृतीचा घटनेनं जपलेला भाग आहे, आणि त्या विशिष्ट पाण्यातल्या माशांच्या रक्षणासाठी ही बंदी आवश्यक होती असं दाखवलं गेलेलं नाही, असा त्यामागचा विचार. सबंध नदीपुरतं एकच उत्तर तिथे चाललं नाही; सरकारला त्या-त्या उपनदीबद्दल बोलावं लागलं.